अकोल्यात एक

आमच्या घरमालक काकांइतका न थकणारा माणूस साऱ्या अमरावतीत नसेल, आणि त्यांच्यापायी माझ्याइतका थकलेला भाडेकरूही नसेल. ते वर राहतात, मी खाली. त्यांच्याही वर, गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत, त्यांचं रेडिओ स्टेशन आहे. मोबाइलवर ऐकायचा हा रेडिओ रोज दुपारी अर्धा तास चालतो. त्यात येशूची गाणी, थोडं बोलणं आणि शेवटी प्रार्थना. जो देवाला मानत नाही, चर्चची पायरी चढत नाही, त्याच्या कानापर्यंत पोचायचं, हा काकांचा ध्यास. असा माणूस शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही, तो त्यांच्याच घरात भाड्याने राहत होता. मी ना देवळात जातो ना उपास करतो, हे कळलं त्या दिवसापासून माझी संध्याकाळ माझी राहिली नाही. "तुमी सोताच्याच देवाले मानत नाई भाऊ," ते मोठ्या कौतुकाने म्हणाले, "तुमाले आमचं गानं आवडलं म्हनजे कोनालेही आवडन."

मी बडनेऱ्याहून गाडी पकडून रोज अकोल्याला नोकरीला जातो-येतो. परत येईपर्यंत अंगात जीव उरलेला नसतो. पण फाटक वाजलं की काका जिना उतरलेच म्हणून समजा. पायात बूट तसेच, हातात डबा तसाच, आणि मी खुर्चीत बसून दुपारचं गाणं पुन्हा ऐकतोय. नुसतं "चांगलं आहे" म्हणून सुटका नाही. "चांगलं म्हनजे शेजारधर्म म्हनून चांगलं, का खरंच चांगलं?" असा उलट सवाल येतो. खरंच चांगलं म्हटलं तर कुठलं कडवं, ठेका कसा वाटला, मधली गिटार जास्त झाली का, इथपर्यंत उलटतपासणी चालते.

एके काळी काका चर्चमध्ये पेटी वाजवून जुनी भजनं गात. आता पेटीवर चादर आहे, आणि टेबलावर तयार ठेक्यांचा कीबोर्ड आहे. त्यातले निम्मे ठेके वरातीत नाचण्याजोगे आहेत. वधस्तंभाच्या गाण्याला त्यांनी असला एक ठेका लावला तेव्हा चर्चच्या मंडळीतले पंच तक्रार घेऊन घरी आले होते. काकांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "पोरं आधी ठेका आयकतात, मंग शब्द आयकतात, मंग येशूले आयकतात. तुमी ठेक्यातच अडून बसले तं पुढं कधी जासान?" पंच चहा पिऊन गेले, ठेका राहिला.

आवाज बाहेरचा येऊ नये म्हणून त्या टिनाच्या खोलीला त्यांनी चारी बाजूंनी गाद्या टांगल्या आहेत. मे महिन्यात कूलर लावला तर तो घरघरतो, म्हणून काका डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन गातात. एकदा सहन न होऊन त्यांनी कूलर लावलाच, आणि श्रोत्यांना बेधडक सांगितलं की हा बायबलातल्या गालील समुद्रावरचा वारा आहे. एकदा प्रार्थनेच्या मधोमध भंगारवाल्याची आरोळी शिरली. तीही त्यांनी राहू दिली. येशूच्या मागे काय कमी गर्दी असायची, म्हणाले.

हे सगळं कोणासाठी, ते मला फार उशिरा कळलं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी अकोल्याला बँकेत आहे. चर्चमध्ये तिच्यासारखा गळा नव्हता म्हणतात. आई आजारी पडली तेव्हा साऱ्या मंडळीने उपास धरला, प्रार्थना केल्या, आणि आई गेली. मातीच्या दिवशी सगळे गात होते, मुलगी गायली नाही. त्यानंतर ती चर्चमध्ये गेलेली नाही. बापलेकीत भांडण नाही. दर रविवारी तिचा फोन येतो, बीपीची गोळी घेतली का विचारते. नाताळला येते, करंज्या तळते आणि उपासनेच्या आधी निघून जाते. त्या एका गोष्टीवर दोघंही बोलत नाहीत. म्हणून रेडिओची वेळ बँकेच्या जेवणाच्या सुट्टीची, आणि म्हणूनच तिच्या पिढीला आवडणारी ती गिटार. "सरळ विचारा ना तिला, ऐकते का म्हणून," मी एकदा म्हणालो. काकांनी मान हलवली. "मी इचारलं तं पोरगी हो म्हनन. मंग खरं कसं कळन?"

संध्याकाळच्या परीक्षेची उत्तरं तयार असावीत म्हणून, काकांना न सांगता, मी दुपारी डबा खाताना ऑफिसातच कार्यक्रम ऐकायला लागलो. त्याच आठवड्यात काका धावत खाली आले. कोणत्या गावात किती जण ऐकतात, ते त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतं. एरवी अमरावती आणि धारणीकडचं कोणी, एवढंच असायचं. "अकोल्यात एक आला भाऊ! पोरगी आयकून राहिली!" त्यांचे डोळे भरले होते. तो एक मीच, हे माझ्या लगेच लक्षात आलं. पण त्या तोंडाकडे बघून ते सांगण्याची छाती कोणाची होती? मी "अरे वा" म्हणालो आणि अडकलो.

त्यानंतर सुटका नाही. साहेबांनी मीटिंगला बोलावलं तरी मी मोबाइल टेबलाच्या खणात चालू ठेवून जायचो. कंटाळा, वैताग सगळं आलं, पण अकोला रिकामं दिसू देणं जमेना.

मग पावसाळ्यात मला तापाने धरलं. अंथरुणात पडल्या पडल्या मला तापापेक्षा दुपारची धास्ती होती. इथून ऐकून काय उपयोग, ते अमरावतीत धरलं जाणार. कार्यक्रम संपल्यावर काका पातळ भाताची वाटी घेऊन आले. मी भीतभीत विचारलं, "अकोला?"

"हाय नं. एक."

मी उठून बसलो. पुन्हा विचारलं. एकच. दुसऱ्या दिवशीही एक, आठवडाभर एक. अकोल्यात माणसं काही कमी नाहीत, तो एक कोणीही असू शकतो, हे मला कळतं. तरी त्या आठवड्यात मला जितकं बरं वाटलं, तितकं कुठल्या गोळीने वाटलं नसतं.

बरा होऊन मी कामावर गेलो. दुपारी डबा उघडला आणि सवयीने मोबाइल लावला. संध्याकाळी काका फाटकातच उभे होते.

"भाऊ, आज अकोल्यात दोन! एक तं पोरगी झाली. हा दुसरा कोन असन जी?"

"असेल कोणीतरी."

"मानत नसन बिचारा."

"नसेल."

काकांनी माझ्यासाठी फाटक उघडून धरलं. मग म्हणाले, "मंग आता त्याच्यासाठी बी प्रार्थना करा लागन."

"करा काका," मी म्हणालो. "फार दमलेला असेल तो."