फुगडीला नाही म्हणाले तेव्हा

लग्न होऊन नागपूरहून बनारसला आले, तेव्हा सामानात दोन रॅकेटी होत्या. सासूबाईंनी त्या फक्त देवघरापासून लांब ठेवायला सांगितल्या. नोकरीत बदली मिळाली होती, आणि इथल्या कार्यालयाच्या टेनिस संघातही जागा मिळवायचीच, असा माझा हट्ट होता.

निवडीचे सामने दोनेक महिन्यांवर आले असताना सर्व्हिससाठी चेंडू वर फेकून मागे वाकले, आणि बेंबीच्या डावीकडे खाली स्नायू सणकून ताणला गेला. नंतर शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं. फिजिओथेरपिस्ट बाई पक्क्या बनारसी आणि कडक. "सर्विस बंद," त्या म्हणाल्या. "पहले साँस लेना सीखिए."

घरात नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नाही. टेनिसवरच गदा आली असती. दार लावून उताणी पडायचं, गुडघे दुमडायचे, श्वास सोडत पोट हळूच आत घ्यायचं. इतका कंटाळवाणा व्यायाम जगात दुसरा नसेल. कमरेतून वळायचं नाही, जड उचलायचं नाही.

नेमकी त्यातच माझी पहिली मंगळागौर आली. पूजा झाली, जेवणं झाली, दुपारी खेळ सुरू झाले. दूधविनायकच्या आमच्या गल्लीतल्या आणि पंचगंगा घाटाकडच्या मराठी बायका जमल्या होत्या. एकीने फुगडीसाठी हात पुढे केले. मी पोटावर हात ठेवून म्हणाले, "मला नको, डॉक्टरांनी मना केलंय."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्या गोड हसल्या आणि कुणीतरी माझ्या पाठीशी लोड आणून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून शेजारून लोणची येऊ लागली, मला कुणी बादली उचलू देईना. बनारसची माणसं किती प्रेमळ, असं म्हणत मी वेंधळी लोणची खात राहिले.

शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "खरं सांग, कितवा महिना?"

मग मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, आणि टेनिसही गेलंच आता, असं वाटलं.

"म्हणजे नाहीच?"

"नाही, आई."

त्यांनी भाजीची जुडी पुढ्यात ओढली. "मग आता अर्धवट सोडू नकोस. दार उघडं ठेवून कर व्यायाम. मोहल्ल्याचं मी बघते."

त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, लोणची बंद झाली. मी कोपरांवर फळीसारखी ताठ राहायला शिकले, मग कमरेतून वळून भिंतीवर जड चेंडू फेकायला. हळूहळू अर्धाच हात फिरवून सर्व्हिस सुरू झाली. बाईंनी पूर्ण सर्व्हिसची परवानगी दिली, ती निवडीला थोडेच दिवस उरले असताना.

निवडीच्या सकाळी सासूबाई छावणीतल्या कोर्टवर माझ्यासोबत आल्या आणि जाळीच्या कुंपणाबाहेर बाकावर बसल्या. टेनिसमधलं त्यांना काही कळत नाही. मी चेंडू वर फेकला, भीत भीत मागे वाकले आणि जीव खाऊन मारला. चेंडू नेटमध्ये गेला.

"चुकला का गं?" त्यांनी बाकावरूनच विचारलं.

"चुकला."

"आणि दुखलं?"

मी पोट चाचपून पाहिलं. "नाही, आई."

"मग चुकू दे. दुसरा मार."