डब्यावरचे लाल हृदय

देवाने देह घडवला, तेव्हा एकही अवयव लाजत लाजत घडवला नाही. लाज माणसाने मागाहून आणली. हे सत्य नळदुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला कुणी सांगावे लागले नव्हते, कारण त्याचे निम्मे आयुष्य मोऱ्यांच्या जाळ्यांवर आणि शौचालयांच्या चेंबरांत गेले होते. तुंबले की लोकांना आईच्या आधी तो आठवे, आणि मोकळे झाले की तेच लोक दारापलीकडे उभे राहून चिमटीने पैसे देत. तो हसून म्हणे, "घाण तुमची, वास तेवढा माझा होय?"

फार वाट पाहायला लावून त्याच्या घरी लेक आली. टपोऱ्या डोळ्यांची, मुठी आवळून आलेली. अंग पुसता पुसता परिचारिकेचा हात थबकला. लेकीला गुदद्वारच नव्हते. आतडे आतल्या आत येऊन बंद झाले होते.

डॉक्टरीणबाईंनी समजावले, "तीन शस्त्रक्रिया लागतील. आज पोटावर तात्पुरतं तोंड काढू, शी पिशवीत पडेल. पुढे खरी जागा तयार करू. ती भरून आली की पोटावरचं बंद करू. मूल छान जगेल. फक्त खर्चाचं बघा."

पहिल्याच शस्त्रक्रियेत शिल्लक संपली, पाइपांना आटे पाडायचे यंत्र विकावे लागले. शिवाय पोटाला चिकटवायच्या त्या पिशव्या! एक सुटली की दुसरी हवीच. रुग्णालयाच्या खेपांत रोजगार बुडे तो वेगळाच. आणि अनामत भरल्याशिवाय दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख मिळणार नव्हती.

तेव्हा मेहुणा धावून आला. तो पाट्या रंगवायचा.

"भाऊजी, लोकांना काय सांगणार? शीची जागा नाही म्हणून पैसे द्या? अहो, हृदय म्हणा, हृदय! हृदय म्हटलं की माणूस पाघळतो."

त्याने पत्र्याच्या डब्यावर असे लालचुटूक हृदय काढले की पाहणाऱ्याचा हात आपोआप खिशात जावा. मिस्त्रीची बायको पिशवी बदलता बदलता म्हणाली, "माझ्या लेकीला खोट्याचा आधार नको." मिस्त्रीने मान खाली घातली आणि डबा उचलला.

डबा भरू लागला. एके दिवशी मोठ्या इमारतीच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी सभागृहात सर्वांना जमवले, मिस्त्रीला सहकुटुंब बोलावले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हृदयाच्या रुग्णालयात मी शब्द टाकलाय. सगळा खर्च माझा. उद्याच बाळाला घेऊन जा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला. मिस्त्रीने दाराकडे पाहिले. बायको लेकीला छातीशी धरून उभी होती, आणि तिची नजर डब्यावरच्या हृदयावर होती. तेच त्याला लागले.

"साहेब," तो म्हणाला, "माझ्या लेकीचं हृदय ठणठणीत आहे. तिला शी करायची जागा नाही."

कुणीतरी फिसकन हसले.

"हसा! तुमच्या घरात चकाकते नळ मीच बसवलेत ना? पण मोरी तुंबली तेव्हा कुणी नळाला हात जोडले नाहीत, मलाच हाका मारल्यात. मी खोटं बोललो, त्याची माफी मागतो. ज्याचं त्याने डब्यातून परत घ्यावं. पण लेकीची लाज मी बाळगणार नाही! देवाने जे अपुरं माझ्या हाती दिलं, ते पुरं करायला मागतोय. द्यायचं त्याने द्यावं, नाक मुरडायचं त्याने खुशाल मुरडावं!"

"सभेत शोभतं का हे?" म्हणत अध्यक्ष उठून गेले. दोघातिघांनी डब्यात हात घालून आपले पैसे काढून घेतले. मग मागच्या रांगेतल्या एक वृद्ध शिक्षिका काठी टेकत पुढे आल्या.

"माझ्या धाकट्या भावालाही असंच होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही कुणाला कळू दिलं नाही. नाव ठेवायच्या आत गेला तो." आणि त्यांनी पर्स डब्यात उपडी केली.

घरी आल्या आल्या मिस्त्रीने ते हृदय खरवडून काढले. "लिही," तो मेहुण्याला म्हणाला, "लेकीच्या शीच्या जागेसाठी."

"माझ्या हातानं, भाऊजी?"

"तुझ्याच. आणि अक्षरं मोठी काढ. लांबून वाचता आली पाहिजेत!"

तो डबा सायकलच्या दांडीला लागला. काही दारे धाडकन मिटली, काही किलकिली झाली, काही सताड उघडली. अनामत आधीपेक्षा सावकाश जमली, पण जमली. दुसरी शस्त्रक्रिया झाली. तिसरीसाठी डॉक्टरीणबाईंनी हप्ते बांधून दिले. ते अजून फिटायचे आहेत.

तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पोटावरचे तोंड मिटले, आणि सारे घर वाट पाहत बसले. एका सकाळी लेक बापाच्या कडेवर होती. त्याला शर्टावर काही ऊबदार लागले. त्याने खाली पाहिले आणि तसाच रुग्णालयाच्या व्हरांड्यात धावला.

"झाली! माझ्या लेकीला शी झाली!"

"अहो, हळू बोला," पहारेकरी कुजबुजला.

"आता हळू नाही!"

मेहुण्याने रुमालात तोंड लपवले, पण त्याचे खांदे हसण्याने गदगदत होते. लेकीला बायकोच्या हाती देऊन मिस्त्री त्याच शर्टानिशी हप्ता भरायला खिडकीपाशी उभा राहिला. रोखपालाने नाकाला रुमाल लावला आणि चिमटीने पैसे घेतले.

"शर्टाला काहीतरी लागलंय तुमच्या."

"लागणारच," मिस्त्री ताठ मानेने म्हणाला. "लेक आहे माझी. पावती द्या."