डाव्या हाताचं यंत्र

पाडकामाच्या ठेकेदाराकडे कामाला असलेल्या त्या माणसाला सगळे घण्या म्हणत. घण हाती आला की समोरची भिंत आडवी करूनच तो खाली ठेवायचा. अडचण एवढीच होती, की घण हाती नसला तरी त्याचं हे असंच चालायचं. मुकादमाचे दोन दात त्यानं पाडले होते, शेजाऱ्याचं दार लाथेनं फोडलं होतं, आणि एकदा बंद पडलेल्या पंख्याला बुक्के मारमारून स्वतःचंच मनगट सुजवून घेतलं होतं. इतरांचा राग नाकावर असतो. याचा तिथे टेकायलाही थांबत नसे, थेट मुठीत उतरायचा.

वर्षानुवर्षं घण मारून त्याचे कान गेले होते. ठार बहिरा नव्हता, पण बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नसत. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचा धाकटा भाऊ नदीकाठी नाणी आणि दागिने शोधायला जात, तेव्हा मेटल डिटेक्टर धाकट्याच्या हातात असे आणि खुरपं घण्याच्या. उन्हाळ्यात त्या काठावर पोहणाऱ्यांची झुंबड उडायची आणि गार पाण्यानं आकसलेल्या बोटांवरून अंगठ्या निसटायच्या. धाकटा यंत्राची चकती वाळूवर फिरवायचा, हेडफोनमध्ये काहीतरी ऐकून थांबायचा, बोटानं जागा दाखवायचा. घण्या खणायचा. सापडेल ते निम्मं निम्मं. तेवढा वेळ घण्या हसताना दिसायचा, हे त्याच्या बायकोनंसुद्धा कबूल केलं असतं.

खणताना जिथे आवाज आला नेमक्या त्या जागेवर कधीच घाव घालायचा नसतो. बाजूनं वाळू सैल करत आत शिरायचं असतं. धाकट्यानं हे त्याला शंभरदा बजावलं होतं. पण एका दुपारी आवाज इतका छान आला की धाकटा नुसता हसत उभा राहिला, आणि घण्याला धीर निघेना. त्यानं खुरपं टाकून फावडं उचललं आणि नेमकं त्या जागी घातलं. वर आलं ते सोन्याचं नाजूक कडं, मधोमध तुटलेलं, त्यातल्या खड्याचा भुगा झालेला.

धाकटा तुकडे हातात घेऊन म्हणाला, "तुला फोडण्यापलीकडे काही येतच नाही." पाण्यातली चार माणसं हसली. झालं. घण्यानं त्याच्या हातातलं यंत्र हिसकलं आणि दांडा त्याच्या खांद्यावर हाणला. धाकटा गुडघ्यावर आला. दुसरा घाव मानेशी बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मात्र घण्याला स्वच्छ ऐकू आला. तरी त्याचा हात थांबला नाही. तिसऱ्या घावाला दांडा तुटला, तेव्हा त्यानं वाळूत तोंड खुपसून पडलेल्या भावाच्या बरगड्यांत लाथ घातली. ओल्या अंगांनी धावत आलेल्या पोहणाऱ्यांनी त्याला पाडलं आणि त्याच्या छातीवर बसून राहिले.

पोलिसांना धाकट्यानं सांगितलं की दगडावर पडलो. थोरल्याशी मात्र त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. खांद्याचं हाड वाकडं जुळलं. उजवा हात कमरेच्या वर जाईना, आणि धाकटा तर घरं रंगवणारा. त्याचं काम सुटलं, दिवसभर तो खिडकीशी बसून राहायला लागला. घण्या दारात गेला की भावजय आडवी उभी राहायची आणि तो झोपलाय म्हणून सांगायची. भाऊ पुन्हा आपल्याबरोबर नदीवर यावा, एवढं एकच घण्याला हवं होतं. माफी मागायची कशी हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ठरवलं, डाव्या हातानं फिरवता येईल असं हलकं यंत्र घ्यायचं आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवायचं.

नवं परवडणारं नव्हतं. जुन्या अवजारांच्या दुकानात एक टांगलेलं होतं. दुकान म्हणजे लोखंडाचं जंगल: पंप, ड्रिल, साखळ्या, पान्यांचे ढीग, पायाखाली खिळे. दुकानदार चष्मेवाला, किडकिडीत, सभ्य माणूस. घण्यानं उजवा हात खिशात कोंबला आणि यंत्र डाव्या हातानं तोललं. कोपर टेकवायचा कप डावीकडे वळतो का पाहिलं, दांड्याचे स्क्रू हलवून पाहिले, चकतीला चीर नाही ना आणि तार कुठे सोललेली नाही ना हे बोटांनी चाचपलं. यंत्र हलकं होतं. त्याला आवडलं, आणि आवडलेल्या वस्तूची त्याला भीतीच वाटायची.

आता खरी परीक्षा आवाजाची, आणि तिथेच त्याचं घोडं अडलं. शेवटी त्यानं स्पीकरच्या जाळीवर अंगठा टेकवला. चकतीखाली जाडजूड नाणं धरलं तशी जाळी थरथरली. मग त्यानं बायकोची पातळ अंगठी धरली. जाळी गप्प. पुन्हा धरली. गप्प.

"सोनं नाही दाखवत," तो म्हणाला.

"सगळं दाखवतं," दुकानदार हसून म्हणाला. "तुम्हाला ऐकू येत नसेल."

त्या हसण्यानं घण्याचं डोकं फिरलं. बहिऱ्याला गंडवतोय, याशिवाय त्याला काही सुचलं नाही. त्यानं एका हातानं दुकानदाराचा गळा धरला आणि त्याला फळीवर दाबलं. चष्मा खाली पडून पायाखाली चुरडला. माणूस घुसमटत चाचपडत राहिला, हाती लागला तो स्क्रूड्रायव्हर त्यानं घण्याच्या दंडात खुपसला आणि ओढला. रक्त भळाभळा वाहायला लागलं तरी पकड सुटली नाही. दुकानदाराचे ओठ काळेनिळे पडले. तेव्हा त्याचा दुसरा हात वर आला, मारायला नव्हे. त्यानं यंत्रावरचं एक बटण मागे फिरवलं.

अंगठी अजून चकतीपाशीच पडली होती. घण्याच्या दुसऱ्या हाताचा अंगठा जाळीवरच होता, आणि जाळी थरथरायला लागली.

त्यानं हात सोडला. दुकानदार खाली बसला, ओकला, आणि घोगऱ्या आवाजात तुटक तुटक सांगू लागला. इथे चहूकडे लोखंड. यंत्र सारखं कोकलतं, म्हणून लोखंडाचा आवाज गाळायचं बटण पूर्ण चढवून ठेवलं होतं. त्यात पातळ सोन्याचा आवाजही गाळला जातो. तो हसत असताना हेच सांगणार होता. घण्यानं त्याला पाणी पाजलं. यंत्राचे सांगितलेले पैसे ठेवले, चष्म्याचेही ठेवले. आपण एका बटणापायी माणूस मारत होतो, हे आता त्याला कळलं होतं.

फाटक्या बाहीनं दंड आवळून तो तसाच भावाकडे गेला. भावजयीनं रक्त पाहिलं आणि ती आडवी उभी राहायची विसरली. धाकटा खिडकीशी बसला होता. घण्यानं यंत्र त्याच्या डाव्या बाजूला ठेवलं, अंगठी जमिनीवर टाकली. धाकट्यानं यंत्राकडे पाहिलं, मग भावाच्या दंडाकडे. आणि तो बोलला.

"कुणाला मारलंस?"

"दुकानदाराला."

"त्यानं काय केलं होतं?"

खोटं बोलायला घण्याला कितीतरी जागा होती. "काही नाही," तो म्हणाला.

धाकटा उठला. "मीही काही केलं नव्हतं, दादा," असं म्हणून त्यानं डाव्या हातानं घण्याच्या थोबाडीत मारली. सवय नसलेला हात, तो कानावर बसला. दुसरी नीट गालावर बसली. तिसरीला घण्याचा ओठ फुटला. त्याच्या एका धक्क्यानं धाकटा भिंतीवर आदळला असता, पण घण्या हात लोंबकळते सोडून उभा राहिला आणि भाऊ दमेपर्यंत खात राहिला. भावजयीनं कुणालाच अडवलं नाही.

धाकट्याला धाप लागली होती. त्यानं अंगठी उचलून घण्याच्या खिशात टाकली आणि यंत्र हातात घेतलं.

"हे राहू दे. नदीवर मी जाईन, एकटा. तू तिथे दिसलास तर मी घरी परत येईन."

"बरं," घण्या म्हणाला.

जिन्यात दोन पायऱ्या उतरून तो खाली बसला आणि मोठमोठ्यानं रडू लागला. आपला आवाज किती मोठा आहे ते त्याला कळत नव्हतं. खालच्या मजल्यावरची दारं उघडली, माणसं बाहेर आली, आणि रक्तानं माखलेला तो धिप्पाड माणूस पाहून घाईघाईनं आत गेली.