हळू आवाजात सांगितलेलं

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. बरीच प्रकरणं एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण बेळ्ळंदूरच्या त्या मुलीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. ते ज्या दिवशी ठाण्यात आलं, तो दिवसही.

मी तिथे इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आणि बंदोबस्ताची वाटणी आटोपली होती. हेड कॉन्स्टेबल आत येऊन म्हणाला, "सर, बाहेर एक आजी आहेत. त्यांना कन्नड येत नाही. तुमच्या भाषेत बोलताहेत."

आमचं घर मूळ निपाणीकडचं. नोकरी सगळी कन्नडमध्ये झाली, घरात मात्र मराठी. आजींना आत बोलावलं. त्या साताऱ्याकडच्या होत्या. मुलगा आणि सून दोघंही आयटीत, म्हणून नातीला सांभाळायला इथे आल्या होत्या. घरी न सांगता एकट्याच रिक्षाने आल्या होत्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझं चुकत असेल तर परत पाठवा. पण आधी ऐकून घ्या."

नात आठ वर्षांची. शाळा सुटल्यावर आई-वडील घरी येईपर्यंत ती जवळच्या एका क्लबमध्ये जायची. तिथे चित्रकला, बुद्धिबळ, टेबल टेनिस असं सगळं होतं. पूर्वी ती उड्या मारत जायची. आता टेबल टेनिसच्या दिवशी तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आदल्या दिवशी आजी तिची वेणी घालत होत्या, तेव्हा ती म्हणाली, "आजी, सर म्हणतात हे सिक्रेट आहे. सिक्रेट सांगितलं तर पाप लागतं का?"

आजींनी पुढे फार काही विचारलं नव्हतं. तिला जवळ घेऊन एवढंच म्हणाल्या होत्या, "मला सांगितलं तर लागत नाही." त्यावर मुलीने जेवढं सांगितलं, तेवढंच त्यांनी मला सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. गुन्हा नोंदवायला ते पुरेसं होतं.

"घरी का नाही बोललात?" मी विचारलं.

"मुलगा म्हणेल, आई, तू गावाकडून आलीस, तुला इथलं कळत नाही. सर फार चांगले आहेत म्हणेल. घरी जेवायला येऊन गेलेत ते."

हे मी नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. असा माणूस मुलांच्या आधी त्यांच्या आई-बापांना आपलंसं करतो. मुलाला गप्प बसवायचं काम मग त्याला करावंच लागत नाही, घरचेच ते करतात.

आमच्या महिला सब-इन्स्पेक्टर साध्या कपड्यांत, खासगी गाडीने आजींच्या घरी गेल्या. अशा प्रकरणात मुलाला ठाण्यात आणायचं नाही आणि समोर वर्दी येऊ द्यायची नाही, हा कायदाच आहे. वडिलांना ऑफिसातून बोलावून घेतलं होतं. पहिल्यांदा ते आपल्या आईवरच चिडले. मग मुलगी बोलू लागली, तसे भिंतीला पाठ टेकून खाली बसले. सब-इन्स्पेक्टर मुलीबरोबर जमिनीवर बसून होत्या. मुलगी थांबली की त्याही थांबायच्या.

गुन्हा नोंदवला आणि त्याच संध्याकाळी टेबल टेनिसच्या प्रशिक्षकाला ताब्यात घेतलं. पस्तिशीतला, मृदू बोलणारा माणूस. मोठी मुलं त्याला अण्णा म्हणायची. चौकशीत तो घाबरला नाही. "सर, स्वल्प, थोडं समजून घ्या," म्हणाला, "आजकालची मुलं मोबाइलवर काय काय बघतात आणि गोष्टी रचतात. आजींना तर भाषाही कळत नाही. माझ्याविरुद्ध आजवर एक तक्रार नाही. क्लबला विचारा."

क्लबच्या संचालिकेला विचारलं. शिकलेली, नीटनेटकी बाई. तीही तेच म्हणाली, आणि जवळजवळ त्याच शब्दांत. दोन माणसं एकच वाक्य बोलू लागली की पोलिसाचे कान टवकारतात. तो आधी त्यांच्या इंदिरानगरच्या शाखेत होता, हे आम्हाला कळलं होतं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून मी एकच साधा प्रश्न विचारला. इंदिरानगर का सोडलं?

तो म्हणाला, घर बेळ्ळंदूरला घेतलं, जाणं-येणं सोपं झालं. ती म्हणाली, तिकडे मुलं कमी झाली, बॅच बंद केली.

त्याचं घर बेळ्ळंदूरला नव्हतं. इंदिरानगरची बॅच अजून चालू होती. हे मी संचालिकेसमोर मांडलं आणि माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे, हे सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "एका आईने सांगितलं होतं. पण ते पोलिसांत जाणार नव्हते. मुलाला काढून घेतलं त्यांनी. आम्ही याला ताकीद देऊन इकडे बदललं. आम्हाला वाटलं, मिटलं."

तपास तिथे फिरला. पण मला त्या वाक्याने समाधान वाटलं नाही. आजींच्या नातीचं जे झालं, ते त्या 'मिटलं'मधून झालं होतं.

त्या आईचं घर शोधलं. नवऱ्याचा पीण्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना, माणसं बेळगावकडची. तिने दार उघडलं, आमचं ओळखपत्र पाहिलं आणि कोण, कशासाठी, काहीच विचारलं नाही. "बसा की," म्हणाली. पाणी आणायला गेली ती बराच वेळ स्वयंपाकघरातच थांबली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्यांनी सांगितलं, पोराचं नाव खराब होईल, सोड. मी सोडलं. आता अजून कोणाचं झालं काय?"

"एका मुलीचं," मी म्हणालो.

आतल्या दारात तिचा मुलगा उभा होता, तेरा वर्षांचा. आमचं बोलणं त्याने ऐकलं होतं. तो म्हणाला, "मी सांगतो."

वडील तयार नव्हते. सब-इन्स्पेक्टर दोनदा त्यांच्या घरी जाऊन बसल्या. शेवटी ते मुलाचा हात धरून मॅजिस्ट्रेटसमोर घेऊन गेले आणि जबाब होईपर्यंत बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसले. मुलाच्या आणि मुलीच्या जबाबांत इतकं साम्य होतं की मुलं गोष्टी रचतात, हा बचाव पुढे टिकला नाही.

खटला लांबला. दरम्यान आजी नातीला आणि सुनेला घेऊन पुण्याला गेल्या, मुलगा नोकरीसाठी इथेच राहिला. शिक्षा झाली, मोठी झाली. संचालिकेवरचा खटला मी निवृत्त झालो तेव्हाही चालूच होता.

लोक आता सोसायटीच्या सभांना मला बोलावतात आणि कॅमेरे कुठे लावावेत ते विचारतात. त्या क्लबमध्येही कॅमेरे होते. मी त्यांना सांगतो, मुलाला एखाद्या ठिकाणी जायचं नसेल, तर आधी त्याला तिथे पाठवणं थांबवा आणि मग कारण विचारा. आणि कळलंच, तर आपलं मूल काढून घेऊन गप्प बसू नका. तुमचं मूल उठलं तरी ती जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसऱ्याचं मूल येऊन बसतं. लोक माना डोलावतात. किती जण ऐकतात, मला माहीत नाही.

निकालाच्या दिवशी तो मुलगा आईबरोबर कोर्टात आला होता. माझ्याएवढा उंच झाला होता. व्हरांड्यात त्याने मला विचारलं, "सर, ती मुलगी बरी आहे का?"

"बरी आहे. शाळेत जाते."

"तिला सॉरी सांगाल?"

त्याची आई तोंड फिरवून खिडकीकडे गेली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू कशाला सॉरी म्हणायचं? तू तर आईला सांगितलं होतंस."

"हो," तो म्हणाला. "पण हळू सांगितलं होतं."