मळणीच्या आवाजातला एक शब्द

त्या सुगीच्या वेळी माझी बायको भांडून उदगीरला माहेरी गेल्याला चार महिने झाले होते. गावात दोन माणसं बोलत उभी दिसली, की ती तिच्याबद्दलच बोलतायत असं मला वाटायचं.

कंधारजवळ आमच्या शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. ट्रॅक्टरवर चालणारं मशीन धडधडत होतं, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेले. एक नट सैल झाला होता, तो मी मशीन न थांबवताच पट्ट्याशेजारी वाकून आवळत होतो. थोरला भाऊ पलीकडून ओरडला. मला ऐकू आलं, "बाई सांभाळ."

पाना हातातच होता. दोन ढांगांत त्याला गाठलं आणि तोंडावर हाणला. हाड मोडल्याचं त्या गोंगाटात ऐकू आलं नाही, हाताला कळलं. तो सोयाबीनच्या ढिगावर पडला. मी छातीवर बसून आणखी दोनदा मारलं. तो नुसते हात आडवे घेत होता. मजुरांनी मला केसांना धरून ओढलं, तेव्हा दाण्यांवर रक्त होतं आणि त्यात एक दात. त्या घडीला मला बरं वाटलं होतं, ते लपवत नाही.

नांदेडच्या दवाखान्यात वहिनीनं सांगितलं, "मशीनवरून पडले." माझ्याकडं बघितलंही नाही. भावाचा जबडा तारांनी बांधलेला. तिसऱ्या दिवशी त्यानं कागद मागून घेतला आणि लिहिलं, 'बाही म्हणालो. तुझी बाही पट्ट्यात चालली होती.'

घरी येऊन मी त्या दिवशीचा शर्ट शोधून काढला. उजव्या बाहीचं बटण तुटलेलं होतं, कड पट्ट्याला घासून काळी झाली होती.

माझे कान बिघडलेत का, असं मी डॉक्टरांना विचारलं.

"कान ठीक आहेत," ते म्हणाले. "एवढ्या आवाजात कान अर्धाच शब्द आणतात. उरलेला डोकं भरतं. तुमच्या डोक्यात काय होतं, ते तुम्हालाच ठाऊक."

खरं काय ते कळूनही आठवणीत मला अजून 'बाई'च ऐकू येतं.

बायकोपर्यंत ही हकीकत गेली. ती परत आली नाही. भावाचा जबडा वाकडाच बसला. पुढच्या मळणीला तो काही म्हणाला, की मी जाऊन ट्रॅक्टर बंद करायचो आणि पुन्हा विचारायचो. चौथ्यांदा तो वैतागला.

"दर शब्दाला मशीन बंद केलं तर मळणी कवा व्हायची रे?"

मी पुन्हा ट्रॅक्टर चालू केला.