मापाडी सयाजी आणि चकतीचे शब्द

हे भीमाशंकरा, तुझ्या डोंगरातून निघालेली एक धार गावोगावची तहान भागवते. त्या धारेतला एक थेंब माझ्या जिभेवर ठेव; तुझ्याच पायथ्याच्या एका साध्या माणसाचे नाव मला घ्यायचे आहे. श्रोतेहो, त्याचे नाव सयाजी मापाडी.

तीस वर्षे सयाजीने मंचरच्या बाजारात धान्य मापले. पायली भरावी, हाताने सपाट करावी, पोत्यात रिती करावी आणि खणखणीत हाक द्यावी. पहिल्या मापाला मापाडी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. पहिले माप देवाच्या नावाचे, त्याला आकडा कसा लावावा? लाभ, मग दोन, मग तीन. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, आणि दोन हजार सात साली सयाजी आपली पायली घेऊन घरी बसला.

घरी बायको, ठमाबाई. तिची दृष्टी केव्हाच गेलेली. पण घोडेगावच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या घरात ती भिंतीला हात न लावता वावरे, चूल पेटवी, भाकरी थापी. मुलगा भरत भोसरीला कारखान्यात. त्याने मायेने दोघांना नेले, तेव्हा ती महिनाभर खाटेवरून हलली नाही. "डोळं गेलं तवा न्हाई, पर हितं आणून मला आंधळी केलीत रं तुमी," एवढेच बोलली. शेवटी दोघे गावी परतले. आता जवळपास काम मिळाले नाही, तर पुन्हा भोसरीची तीच खोली, तीच खाट.

सयाजीने दारे ठोठावली, कुणी घेईना. शेवटी धरणाच्या बाजूला एक शिबिराची जागा निघाली. तिथे शहरातले पाहुणे ताटलीसारखी चकती फेकून साखळ्यांच्या टोपलीत पाडत. डिस्क गोल्फ म्हणत त्याला. दरीतल्या मैदानात टोपल्यांशेजारी उभे राहून फेकी मोजायला मोठ्या आवाजाचा माणूस हवा होता.

शिबिराचे साहेब म्हणाले, "खेळातले शब्द यायला हवेत. रविवारी पाहुण्यांसमोर चुकलात, तर सोमवारी येऊ नका."

शिबिरात कामाला पुण्याहून आलेली श्रेया त्याला शिकवी. "काका, लांब फेकायची ती ड्रायव्हर, जवळून टाकायची ती पटर. आपल्याकडे प्रत्येक टोपलीला तीन फेकी ठरलेल्या, तो पार. एक कमी लागली तर बर्डी, एक जास्त तर बोगी."

सयाजी पाठ करी आणि विसरे. चौपन्नाव्या वर्षी जीभ अडखळे, कपाळाला घाम फुटे. भाकरी थापता थापता ठमाबाई विचारी, "बोगी म्हंजी?"

"एक कमी."

"जास्त! अवो, मला दिसत न्हाई तरी कळलं, अन् तुमी डोळं फाडून बसलाय!"

तो हसला नाही. तिच्या पिठाच्या हातांकडे पाहत राहिला आणि मनात म्हणाला, देवा, हे हात या चुलीपासून तोडू नकोस.

रविवार उगवला. पाहुण्यांच्या दोन तुकड्या पडल्या. एका तुकडीच्या फेकी साहेब मोजणार, दुसरीच्या सयाजी. श्रेया टेकाडावरच्या जांभळीखाली कागद घेऊन बसली. सयाजीच्या प्रत्येक हाकेला एक रेघ ओढायची, असे ठरले. सयाजीने छाती भरून हाक दिली, "लाभ!... दोन!... तीन!" दरी दणाणली. नऊ टोपल्या झाल्या, एक शब्द चुकला नाही.

निकाल वाचताना श्रेयाचा चेहरा खुलला. "काकांच्या तुकडीची बर्डी, बर्डी, पुन्हा बर्डी!" टाळ्या पडल्या. साहेबांनी सयाजीची पाठ थोपटली. "उद्यापासून कायम या."

आणि सयाजीच्या पायांखालची जमीन सरकली. बर्डी म्हणजे एक कमी. त्याने तर तीन-तीन मोजल्या होत्या! त्याने श्रेयाच्या कागदात डोकावले. 'लाभ'ला रेघच नव्हती. काका देवाचे नाव घेऊन सुरुवात करतात, असे तिला वाटले होते; पुढच्या आकड्यांकडे लक्ष न देता ती हाकेसरशी नुसत्या रेघा ओढत गेली होती.

गप्प राहिले असते तर कोणाला कळणार होते? चूल राहिली असती, घर राहिले असते. भोसरीची खाट त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पण तीस वर्षांत ज्याने पायलीत अंगठा धरून कुणाचे माप मारले नाही, त्याच्या मुखातून शब्द सुटलेच, "सायेब, माप खोटं झालंय. लाभ म्हंजीच पयली फेक, ती धरलीच न्हाई."

टाळ्या विरल्या. बक्षीस दुसऱ्या तुकडीकडे गेले. साहेब संतापले. "पाहुण्यांसमोर शोभा केलीत! साधं एक म्हणता येत नाही? म्हणा आत्ता, एक!"

सयाजीने कागदावरच्या रेघांकडे पाहिले. देवाला वगळून मोजायचे कसे? डोळ्यांतून धार लागली. त्याने मान खाली घातली, मनात 'लाभ' म्हटले, आणि घशातला काटा उपसावा तसा शब्द बाहेर काढला, "एक."

साहेबांनी श्रेयाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी या. पुन्हा बघू."

एवढेच. कायम नव्हे, नकारही नव्हे. आठ दिवसांची मुदत. ती पदरात बांधून सयाजी चढ चढून घरी निघाला.

हे शंभो, या माणसाच्या वाचेला बळ दे, त्याच्या ठमाबाईला सौख्य दे, त्यांच्या लेकराला सुबुद्धी दे. त्या घरावर तुझी सावली अखंड राहो, आणि त्या उंबऱ्यातून कोणी कधी उपाशी न परतो.