एका वर्गातल्या तीन प्रज्ञा

माझ्या मुलीचं नाव सासऱ्यांनी ठरवलं. ते वर्ध्याकडचे. इथे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कारकुनी करून रिटायर झालेले, बोलणं मोजकं. बारशाच्या आदल्या दिवशी म्हणाले, "रूपाचं काय, ते देवानं देल्लंच हाये. शहाणपण मांगून घेऊ. प्रज्ञा ठेवा."

घरात आम्ही मराठी माणूस म्हणतो तसं 'प्रद्न्या' म्हणायचो. अडचण आली ती जन्मदाखल्याच्या खिडकीवर. मी इंग्रजी स्पेलिंग सांगू लागले तसा कारकून थांबला. "मॅडम, इसमें डी कहाँ से आ गया? प्रग्या में तो जी लगता है." मागे रांग वाढत होती, बाळ खांद्यावर रडत होतं. मनात आलं, ही पोर इथेच वाढणार; प्रत्येक खिडकीवर तिला हेच विचारतील. "जी ही लिख दीजिए," मी म्हणाले.

घरी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्मा लावून दाखला वाचला आणि घडी घालून परत दिला. "कावून बदललं?" एवढंच विचारलं. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

शाळेत ती प्रग्याच झाली. पहिलीत गेल्यावर कळलं, की हे नाव त्या वर्षी फक्त आम्हालाच सुचलं होतं असं नाही. एकट्या तिच्या वर्गात तिघी निघाल्या. बाईंनी सोय म्हणून त्यांना नंबर दिले. माझी तीन नंबरची. एके दुपारी ती दप्तर न काढताच पायरीवर बसली.

"आई, मले दुसरं नाव पाहिजे. सब लोग मले 'तीन नंबर' म्हणून राहिले."

बाबा आत ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत यायला माझ्याआधी घराच्या फाटकाशी उभे होते. आता हे भांडणार, या धास्तीनं मी स्कूटर काढली.

बाई तरुण होत्या, रोज अहिवारा गावाहून बसनं यायच्या. बाबा भांडले नाहीत. हात जोडून म्हणाले, "मॅडम, हमारे घर में इसको प्रद्न्या बोलते."

"प्र... प्रदनिया?"

"जीभ को दाँत से लगाओ. फिर न्या."

बाईंनी खरोखर जीभ दाताला लावली. तिसऱ्या खेपेला नीट जमलं, आणि दाराशी खाली मान घालून उभ्या असलेल्या माझ्या मुलीनं झटकन वर पाहिलं. बाईंनी ते टिपलं. त्यांनी उरलेल्या दोघींना बोलावून विचारलं, "बेटा, घर में मम्मी तुमको कैसे बुलाती हैं?"

एक छत्तीसगढी घरातली होती. ती म्हणाली, "प्रग्या." दुसरी तेलुगू. ती काही चुकल्यासारखी पुटपुटली, "प्रग्न्या."

"अरे!" बाई हसल्या. "तुम तीनों के नाम तो अलग-अलग हैं. नंबर मैंने बेकार में दे दिए. सॉरी." त्यांनी हजेरीत तिघींपुढे पेन्सिलीनं तीन उच्चार लिहून ठेवले.

परतताना मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी खिडकीवर मी घाबरले होते."

सिग्नलला थांबल्यावर मागे बसलेले बाबा म्हणाले, "मी बी तर प्लांटात सारी नोकरी माझं आडनाव लोकायले चुकीचं बोलू देल्लं. कोनालेच टोकलं नाही. तुले कावून रागावलो, मलेच समजलं नाही."

पहिले काही दिवस वर्गातली पोरं हजेरीच्या वेळी हसली. मग त्यांच्या जिभेला सवय झाली. दाखल्यावरचं स्पेलिंग मी बदललं नाही, बाबांनीही पुन्हा विषय काढला नाही.

त्या महिन्यातल्या एका रविवारी तिघी आमच्याकडे खेळायला आल्या. बाबांनी पोहे केले आणि एकेकीला तिच्या नावानं हाक मारून बशी दिली. तेलुगू मुलीनं बशी घेतलीच नाही.

"आजोबा, गलत बोला. प्रग्न्या."

बाबांनी बशी खाली ठेवली, घसा साफ केला आणि पुन्हा म्हणून पाहिलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. माझी मुलगी हसून लोटपोट झाली. चौथ्या वेळी ती पाहुणी म्हणाली, "अब ठीक है," आणि मग तिनं पोहे खायला घेतले.